मध न खाणाऱ्यांची माशी

आमच्या घरात मध औषधालाही मिळायचा नाही. वैद्यांनी चूर्ण दिलं की आई आधी विचारायची, कशातून घ्यायचं? मधातून म्हणाले की तुपावर तडजोड करून घ्यायची. शिरोळ तालुक्यातल्या या गावात दिगंबर जैन पुष्कळ, आणि बहुतेक सगळे शेतकरी. बाहेरच्यांना जैन म्हटलं की पेढी नि कापडदुकान आठवतं. कृष्णा-पंचगंगेकाठचा जैन मात्र पहाटे मोटार चालू करायला चिखलात उतरलेला असतो. मद्य, मांस, मधु सोडायचं, हे आम्ही पाढ्यांबरोबर शिकलो. आमच्या मंदिरातल्या पंचामृत अभिषेकात दूध, दही, तूप असतं, उसाचा रस चालतो, मध नाही. इथून जवळच नरसोबाची वाडी. तिकडे दत्ताच्या पंचामृताला मध हवाच.

दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त ही बंदी फार कडक करून ठेवली आहे. पोळं पिळून काढलेला मध तर नकोच, पण आपोआप गळून पडलेलाही नको, कारण त्याच्या आश्रयाला असलेले जीव मरतातच. लहानपणी मला हे अति वाटायचं. पुढे आग्या मोहोळ झाडणारे पाहिले. टेंभा पेटवायचा, माशा होरपळवायच्या, नि पोळं अळ्यांसकट फडक्यात पिळायचं. मग आचार्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल ते कळलं.

गंमत अशी की मधाला हात न लावणाऱ्या परंपरेनेही माशीचा आदर्श मात्र ठेवला. दिगंबर मुनींच्या आहाराला भ्रामरी वृत्ती म्हणतात: दात्यावर भार न टाकता, भुंगा फुलातून घेतो तसं घ्यावं. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरूंत मधमाशी धरली, नि तिचा मध पळवणाराही धरला. दत्त रोज भिक्षेला कोल्हापुरात येतो अशी श्रद्धा आहे आणि त्या घरोघरच्या भिक्षेचं नाव मधुकरी. घेऊनही फुलाचं काही बिघडू नये, हे दोन्हीकडच्या साधूंनी माशीकडून उचललं. आम्ही गृहस्थांनी काय उचललं, हा माझा प्रश्न आहे.

आम्ही काकडी करतो. काकडीचं मादी फूल सकाळी उमलतं, एक दिवस टिकतं. तेवढ्यात नर फुलाचा पराग त्यावर पोचायला हवा, आणि माशी एकदा येऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा यावी लागते. फेऱ्या कमी झाल्या की फळ वाकडं होतं, एका टोकाला फुगतं, दुसरीकडे बारीक राहतं. असला माल सौद्यात बाजूला काढतात. शेडनेटवाल्यांनी माशीविना धरणारं बियाणं आणलंय, त्यांची गोष्ट वेगळी. जगातल्या ११५ मुख्य अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणारे कीटक-पक्षी लागतात, असं २००७ मधला अभ्यास सांगतो. गहू, भात, ज्वारीचं त्यांच्यावाचून अडत नाही. म्हणजे माशी गेली तर पोट भरेल, ताट ओकं होईल.

पण कोल्हापूर जिल्ह्याला हे जाणवावं कसं? इथे ऊस. त्याची लागण कांडीवरच्या डोळ्यातून किंवा रोपातून होते, फुलाशी त्याचं देणंघेणं नाही. उलट तुरा आला की वजन घटतं म्हणून आम्हीच हळहळतो. शिवारातली प्रत्येक माशी मेली तरी कारखान्याच्या काट्यावर एक किलोचा फरक पडणार नाही. बांधावरची बाभूळ, करंज, जांभूळ गेली ती याच उसापायी, आणि त्यांच्याबरोबर माशीचा चाराही.

उरलेलं आम्ही फवाऱ्यावर सोडलं. माव्यावर, तुडतुड्यावर मारतात ते इमिडाक्लोप्रिड रसातून झाडभर भिनतं, परागातही उतरतं. त्याच कुळातल्या थायामेथॉक्झामवर फ्रान्समध्ये झालेला २०१२ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: जीव न घेणारी मात्रा दिलेल्या माशा मोठ्या संख्येने पोळ्याकडे परतल्याच नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या कुळातली तीन औषधं उघड्या शेतात बंद केली.

पुतण्याशी यावरून वाद होतो. तो म्हणतो, "आण्णा, माशीवर कुठं मारलंय? मावा पडलाय, त्येच्यावर मारलंय." त्याच्या बाजूने शास्त्र आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी अशा चार हिंसा. गृहस्थाने ठरवून केलेली संकल्पी तेवढी पूर्ण सोडावी, शेतीतली ती उद्योगी. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली ती प्रमादापासून सुरू होते. जीव गेला एवढंच ते मोजत नाहीत, बेफिकिरी मोजतात. फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये, फवारलंच तर माशी घरी गेल्यावर, हे आता कृषी सहायकही सांगतो. कळूनही सकाळी नऊला पंप पाठीवर घेतला, तर उद्योगी हिंसेचा आडोसा कितपत पुरेल?

आणि सकाळीच का? कारण आम्हाला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. अन्नात कीटक पडून मरू नयेत म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. ते सांभाळायला फवारा सकाळी उरकला. आणि सकाळीच माशी फुलावर. एका व्रताने दुसऱ्याचा गळा धरला तो असा, कुणाच्या मनात पाप नसताना.

तिकडे भुदरगड तालुक्यात, मौनी महाराजांचं पाटगाव 'मधाचं गाव' झालंय. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये आधी झालं, मग हे. तिथे सातेरीच्या पेट्या ठेवतात, चौकटी यंत्रात फिरवून मध काढतात, अळ्यांचा कप्पा शाबूत राहतो. तरी तो मध आचार्यांच्या कसोटीला उतरत नाही आणि मीही खाणार नाही. पण त्या माणसांना पोळं जगवण्यात रस आहे, माशीसाठी ते रान राखतात. मला तिच्यापासून फक्त लांब राहणं शिकवलं गेलं. तिच्या हिशेबात जवळचा कोण, हे मला विचारायची गरज नाही.

गेल्या हिवाळ्यात एक पेटीवाला आमच्या बांधावर पेट्या ठेवून गेला. काकडी सरळ धरली. जाताना त्याने जागेचं भाडं म्हणून मधाची बाटली दिली. बायकोने ती घरात घेतली नाही, ओसरीवरच ठेवली. वाडीच्या ओळखीच्या पुजाऱ्यांना द्यावी असं मी म्हणालो. आई म्हणाली, "करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हीचा दोष सारखाच. देणं म्हंजे अनुमोदनच की रं." मग त्याच माशांनी धरलेली काकडी जयसिंगपूरच्या सौद्यात विकली ते काय, असं मी विचारलं. तिने माळ ओढायला घेतली. बाटली शेवटी पेटीवाल्यालाच परत केली. तो जरा रागावला.

यंदा मध आणू नकोस, पेट्या आण, असं त्याला सांगितलंय. आणि फवारा जेवणं आटोपल्यावर, अंधार पडला की डोक्याला बॅटरी बांधून मारायचा असं घरात ठरवलंय. पुतण्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. आणि बॅटरीच्या उजेडावर पाखरं येऊन मरतील, ती कुणाच्या खात्यावर?" त्यासाठी अजून ग्रंथ चाळतोय. पेट्या मार्गशीर्षात येणार आहेत.