चाकामुळे पुण्य किती घटते?

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाणारा रस्ता वर्षातल्या काही रात्री पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात असतो. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी लोक आदल्या संध्याकाळी शहरातून निघतात, दौलताबादची जुनी तटबंदी ओलांडून घाट चढतात आणि कागजीपुऱ्यावरून पुढे खुलताबाद गाठतात. या चालण्याला यात्रा म्हणायला कोणाचीच हरकत नसते. एरवी त्याच रस्त्याने भल्या पहाटे सायकलस्वार जातात. कोणी वेरूळला जाऊन परततो, कोणी म्हैसमाळ चढतो, कोणी कन्नडमार्गे गौताळ्याच्या सागा-पळसाच्या जंगलात शिरतो. त्यांच्या जाण्याला मात्र व्यायाम म्हणतात, फार तर छंद. रस्ता तोच आणि चढही तोच. मग एकाची यात्रा आणि दुसऱ्याचा व्यायाम, हे ठरते कशावरून? चटकन सुचणारी उत्तरे दोन: एकाने चाक वापरले, आणि त्याच्या मनात देव नव्हता. ही दोन्ही उत्तरे आपल्याच परंपरेपुढे टिकत नाहीत, आणि खरी अडचण तिसरीकडेच आहे, असे मला वाटते.

चाकाचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी अगदी बारकाईने हाताळला आहे. तीर्थयात्रेवरच्या निबंधग्रंथांत एक वचन आढळते. त्याचा आशय असा, की वाहनाने यात्रेचे अर्धे फळ जाते, छत्री आणि पादत्राणांनी त्याच्या निम्मे जाते, वाटेत व्यापार केला तर चारातले तीन भाग जातात, आणि प्रतिग्रह, म्हणजे दान स्वीकारणे, सगळेच फळ बुडवते. आज हे वाचून हसू येईल, पण या उतरंडीत विचार आहे. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात तर बैलावर बसून प्रयागला जाणाऱ्याला थेट नरक सांगितला आहे. मात्र तिथेच लगेच वाहननिषेधाला कारण जोडले आहे: ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी जो वाहनाने जातो त्याचे तीर्थ निष्फळ. म्हणजे राग दोन गोष्टींवर आहे, दुसऱ्या जिवाला ओझ्याखाली घालण्यावर आणि मिरवण्यावर. सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारे नारायणभट्ट काशीचे असले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. यात्रेचे नियम तपशिलाने तपासण्याच्या या उद्योगात आपल्या गोदाकाठचाही वाटा आहे. आता सायकल या कसोटीला लावून पाहावी. तिच्याखाली बैल नाही, टाकीत पेट्रोल नाही. चढावर ती पायांइतकीच पुढे जाते. राहिले ऐश्वर्य. लाखभर रुपयांच्या कार्बनच्या सायकलीला ते कलम लागू शकते, पण ते नव्या कोऱ्या बुटांनाही लागू शकते. वाहन म्हणून सायकलीवर ठेवलेला दोष फार काळ टिकत नाही.

याहून कडक आक्षेप वेरूळच्या टेकडीच्या उत्तर टोकाशी, तीस ते चौतीस क्रमांकाच्या जैन लेण्यांपाशी भेटतो. जैन साधू वाहन वापरत नाहीत ते पुण्य घटेल म्हणून नव्हे. ईर्यासमितीचा नियम सांगतो की पुढची चार हात जमीन न्याहाळत, जीवजंतू टाळत चालावे. पावसाळ्यात गौताळ्याच्या रस्त्यावर गोगलगायी असतात, वाणी असतात, कधी आडवा पडलेला साप असतो. पाच-सहाच्या वेगाने दमून चढणाऱ्याला हे सगळे दिसते. उतारावर चाळीसच्या वेगाने सुटलेल्याला यातले काहीच दिसत नाही. दिसले तरी ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणेही बरे नाही. मान्य करावे ते एवढेच, की एकच सायकल चढावर पायांच्या जवळ असते आणि उतारावर मोटारीच्या. म्हणून यात्रा की व्यायाम हा निवाडा संपूर्ण सहलीवर करण्यापेक्षा रस्त्याच्या एकेका टप्प्यावर करावा लागेल.

दुसरे उत्तर देवाचे. मनात संकल्प नाही, समोर मूर्ती नाही, मग यात्रा कसली? या प्रश्नाला याच मातीतून निघालेले उत्तर चक्रधरस्वामींचे आहे. तेराव्या शतकात पैठण, वेरूळ आणि गोदावरीच्या आसपासचा मुलूख त्यांनी पायांखाली घातला. शिष्यांना त्यांनी सांगितले ते अटन: फिरत राहावे, एका गावात, एका ओळखीत रुजू नये. महानुभाव पंथात जी स्थाने वंदनीय झाली ती स्वामी तिथे बसले, थांबले, निजले म्हणून. देवळामुळे रस्त्याला महत्त्व येण्याऐवजी वाटेवरच्या थांब्यांना महत्त्व आले. अर्थात इथे कोणी अडवून म्हणेल, की अटनात परमेश्वराचे स्मरण होते, विरक्ती होती, भिक्षा होती. रविवारच्या सायकलस्वाराकडे यातले काय आहे? आक्षेप रास्त आहे, आणि अटन व सायकलफेरी एकच, असे मला म्हणायचेही नाही. इतकेच दिसते, की ठरावीक मूर्ती गाठणे ही यात्रेची अट आपल्याकडे सर्वांनी मानलेली नाही. बौद्ध भिक्षूंचा क्रमही असाच होता: पावसाळ्यात एका जागी वर्षावास आणि उरलेला काळ चारिका, म्हणजे भ्रमंती. अजिंठा, वेरूळ, कन्नडजवळचे पितळखोरा या लेण्यांमागे फिरणाऱ्यांची मुक्कामाची गरज होती.

तर मग उतरंडीच्या तळाशी बसलेल्या प्रतिग्रहाकडे यावे लागते. वाहनाने अर्धे जाते, घेण्याने सगळे जाते. आजचा सायकलस्वार दान घेत नाही, पण पदक घेतो, टी-शर्ट घेतो, मोबाइलवरच्या नकाशाखाली लोकांची वाहवा घेतो. घाट संपण्याआधी त्याचा फोटो निघालेला असतो. इथे काहीजण मोजमापालाच दोष देतात: किलोमीटर, चढाईचे मीटर, हृदयाचे ठोके मोजणाऱ्याला कसली आली यात्रा! मला ते पटत नाही. जपमाळ मोजूनच ओढतात, प्रदक्षिणाही मोजूनच घालतात, आणि फळाचे अर्धे-पाऊण करणारे ते वचन तर चक्क अपूर्णांकांत बोलते. गौताळ्याच्या डोंगराला वळसा घालून खानदेशाच्या अंगाने उतरले की पाटण लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी तिथे मठ स्थापन केला, असे तिथला शिलालेख सांगतो. जवळच चंडिकेचे देऊळ आहे. गणित आणि देवी यांना एका रानात राहायला अडचण झाली नाही. आकडा स्वतः निरुपद्रवी आहे. तो कोणाला दाखवायचा आणि बदल्यात काय मिळवायचे, इथून बिघाड सुरू होतो. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो, पण क्रमांक काढत नाहीत. म्हणजे मोजणी आहे, चढाओढ नाही. शेवटी पदक विकत मिळते, ही गोष्ट मात्र शास्त्रकारांच्या नजरेतून सुटली नसती.

यावर सर्वांत अवघड प्रश्न असा, की भद्रा मारुतीला चालणाऱ्यांना रात्रभर रस्त्याच्या कडेला फुकट चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी मिळते. ते घेणारे सगळे यात्रेकरू कोरडेच घरी गेले म्हणायचे? आणि घाटाच्या पायथ्याशी एखाद्या घरी सायकलस्वाराने पाण्याची बाटली भरून घेतली, तर तोही बुडाला? इथे भिक्षेचा जुना नियम वाट दाखवतो. बौद्ध भिक्षूने मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवायचे नाही. भिक्षा वाटेवर मिळते आणि वाटेवरच संपते. तिने पुढचे पाऊल टाकता येते आणि मागे काही उरत नाही. चहाचेही तसेच. पदक भिंतीवर उरते, वाहवा साठत जाते आणि पुढच्या फेरीला तिची भूक लागते. शरीराला मिळणारे बळ किंवा डोंगर पाहून होणारा आनंद मी प्रतिग्रहात धरत नाही, कारण तो कोणी दिलेला नसतो. वारीला चालून पाय बळकट झाले म्हणून कोणी वारकऱ्याचे पुण्य कापले नाही. तेव्हा घेतलेले टिकवून ठेवले की नाही, ही कसोटी चाकाच्या कसोटीपेक्षा अधिक न्याय्य आहे. पायी जाणारेही तिच्यात नापास होऊ शकतात; किती वर्षे चाललो हे गळ्यात घालून मिरवणारे दरवर्षी दिसतात.

वाळूजच्या कारखान्यात पाळीला सायकलने जाणारा कामगार या हिशेबात कुठे बसतो, असे विचारले जाईल. बसत नाही, आणि त्याचे कष्ट पवित्र म्हणून गौरवणे हा आपला चोरटेपणा होईल. ज्याला घरी राहण्याची मुभा आहे त्याच्याच निघण्याला यात्रा म्हणता येते. त्या कामगाराला हवा आहे तो बरा रस्ता, आणि ती धर्माची नव्हे, पालिकेची गोष्ट आहे.

टप्प्याटप्प्याने निवाडा करायचा म्हटला, तर एक गमतीदार निष्कर्ष निघतो. खुलताबादपासून वेरूळपर्यंत रस्ता उतरत जातो. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराकडे सायकलस्वार पोहोचतो तो पायडल न मारता, वाऱ्यावर, रस्त्यावरचा एकही जीव न पाहता. म्हणजे ज्या टप्प्याच्या शेवटी ज्योतिर्लिंग आहे, तोच यात्रा म्हणून सर्वांत कच्चा. परतताना खुलताबादचा चढ समोर येतो. दर्शन झालेले असते, पाय दमलेले असतात, फोटोही काढून झालेले असतात, आणि मिळवण्यासारखे वर काही नसते. माझ्या हिशेबात यात्रेचा भाग तो.