घाण्याची चावी

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर ऐन हंगामात घाण्याचा गिअर शाफ्टला जखडणारी चावी आठवड्यात दोनदा तुटली. काहिलीत रस नाही, चुलवाण विझायला आलेलं, गुळव्या हातावर हात ठेवून बसलेला. मालक अण्णा फिटरवर ओरडले, "पुन्हा तुटणारच नाही अशी चावी बसव."

फिटरने मन लावून काम केलं. 50 मिमीच्या शाफ्टवरची 14 मिमीची खाच त्याने 20 मिमी रुंद आणि जवळपास दुप्पट खोल केली, कोपरे धारदार काढले आणि पाणी दिलेल्या पोलादाची चावी ठोकली. त्याच्या हातात खोट नव्हती. त्याला सांगितलेलं कामच चुकीचं होतं.

पंधरा दिवस घाणा गुमान चालला. सोळाव्या दिवशी धाडकन आवाज झाला. चावी शाबूत होती. शाफ्ट मात्र खाचेच्या कोपऱ्यापासून पिळवटून तुटला होता आणि गिअरचे तीन दात उडाले होते.

लेथवाले तात्या आले. त्यांनी आधी जुन्या चाव्यांचे तुकडे मागवले. सुरीने कापावेत तसे सपाट, कापलेली बाजू घासून चकचकीत झालेली.

"तुटली तेव्हा घाण्यात काय सापडलं?"

कुणी बघितलंच नव्हतं. तात्यांनी रोलरवरचे खोल ओरखडे दाखवले. उसाच्या मोळीतून विळा आत गेला होता.

मग त्यांनी फरशीवर खडूने हिशेब मांडला. दहा एचपीची मोटर, 1440 फेरे, गिअरनंतर 144. म्हणजे पिळाचा जोर सुमारे 500 न्यूटन-मीटर. शाफ्टची त्रिज्या 25 मिमी, तेव्हा चावीवर 20,000 न्यूटन, दोन टनांचा रेटा. 14 मिमी रुंद, 60 मिमी लांब चावीला दर चौरस मिमीमागे 24 न्यूटनचा काप सोसावा लागतो. साधं पोलाद तो सहज सोसतं.

"मग चावी कच्ची नव्हती?"

"नव्हती, अण्णा. रोजच्या कामाला पुरून उरत होती. विळा आला तेव्हा शाफ्टच्या आधी ती गेली, तिचं कामच ते. तासाभरात बदलता येतं, तेच आधी मोडू द्यावं."

नव्या शाफ्टला साडेपाच मिमी खोल खाच पडली, तळाच्या कोपऱ्यांना बारीक गोलाई दिली आणि साध्या पोलादाची 14 बाय 9 ची चावी घट्ट बसवली. दारामागे खिळ्याला तीन जादा चाव्या टांगल्या. मोळी सोडून बघितल्याशिवाय ऊस घाण्यात जाईनासा झाला.

त्या हंगामात चावी आणखी एकदा तुटली. पाऊण तासात घाणा सुरू झाला.