घट फुटल्यावर

आपण मराठीत 'घटस्फोट' म्हणतो. घट म्हणजे मडके, स्फोट म्हणजे फुटणे. खेड्यापाड्यांत यालाच 'काडीमोड' म्हणत. शेजारच्या कन्नडमध्ये मात्र 'विच्छेदन' हा शब्द आहे. दोन भाषांत वावरणाऱ्या आम्हा सीमाभागातील माणसांना शब्द असे शेजारी ठेवून पाहण्याची खोडच असते. फुटलेले मडके सांधत नाही, मोडलेली काडी जुळत नाही. पण कापलेले भरून येते. म्हणून या बाबतीत मला कन्नड शब्द अधिक आशेचा वाटतो.

हा विचार सुचला तो माझ्या भाचीमुळे. तीन वर्षांपूर्वी कोर्टाने तिचा घटस्फोट मंजूर केला. मुलगी तिच्याकडे राहिली, पोटगी ठरली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिच्या कपाटात एक दोनशे पानी वही होती. सासरी झालेला एकेक अपमान तीत तारीखवार लिहिलेला. वकिलांनी दाव्यासाठी लिहायला सांगितलेली ही वही दावा संपला तरी चालूच राहिली. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, त्यानं एकदा तरी म्हणावं, माझं चुकलं. मग मी ही वही जाळून टाकीन."

तिची अपेक्षा गैर नव्हती. पण ज्या माणसाच्या हातून सुटण्यासाठी ती कोर्टाची पायरी चढली, त्याच्याच हाती तिने आपल्या मनाची किल्ली देऊन ठेवली होती!

चूक कोणाची, हा प्रश्न कायद्यानेही थोडा बाजूला ठेवला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटासाठी बहुधा जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीची वाट खुली झाली. त्या वाटेने जाणाऱ्यांना कोर्ट 'दोषी कोण' हे विचारत नाही.

इथे डॉ. रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पुढे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. १८८८ मध्ये तडजोड झाली. कोर्टाचा शेवटचा शब्द रखमाबाईंच्या बाजूचा नव्हता. तरी त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आपण बरोबर होतो असे कोणी लिहून देईल, याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

मग अन्याय करणाऱ्याने मोकळे सुटावे काय? मुळीच नाही. पोटगी, मुलांचा ताबा, मारहाणीची फिर्याद, हे सारे हक्काने आणि नेटाने मागावे. पण कोर्ट फार तर टाके घालते. जखम भरते ती आतून. मन सावरण्याचे काम ज्याचे त्यानेच हाती घ्यावे लागते. रडायचे तेवढे रडावे, जिवाभावाच्या माणसाशी बोलावे, गरज पडल्यास डॉक्टरांकडेही जावे.

मात्र हीच गोष्ट दुसऱ्याला सुनावण्याचा अधिकार आपल्याला नाही. "तूच आता स्वतःला सावर" असे म्हणून हात झटकणारे नातेवाईक आपणच असतो, आणि लग्नकार्यात, हळदीकुंकवाला "पण नक्की झालं तरी काय होतं?" असे विचारून खपली काढणारेही आपणच. जखम भरणे तिच्या हाती. ती न खरवडणे आपल्या हाती.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होताना भाचीच्या मुलीला कच्च्या कामासाठी वही हवी होती. भाचीने त्या वहीची लिहिलेली पाने सोडवून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि उरलेली कोरी पाने नव्याने शिवून मुलीला दिली.

त्याने अजून काहीच म्हटलेले नाही.