न मावळणारा ग्रह

जेम्स कॅमेरॉनच्या ‘अवतार’ने २००९ साली आपल्याला पँडोरावर नेलं. अल्फा सेंटॉरीच्या एका ताऱ्याभोवती पॉलिफेमस नावाचा वायुग्रह फिरतो, त्याचा हा चंद्र. रात्री उजळणारी झाडं, तरंगते डोंगर सगळ्यांना आठवतात. मला आठवतं ते आभाळ, आणि त्यात भरून राहिलेला तो ग्रह. चित्रपटाने त्याला देखाव्यापुरतं ठेवलं याची मला हळहळ वाटते.

मोठ्या ग्रहाच्या जवळ असलेल्या चंद्राच्या खडकालाही भरती येते, तिच्या घर्षणाने त्याची गिरकी मंदावते आणि शेवटी तो ग्रहाला एकच बाजू दाखवत फिरू लागतो. गुरूचे चारही मोठे चंद्र असेच आहेत. अशा चंद्रावर सूर्य उगवेल, मावळेल, तारे सरकतील. ग्रह मात्र जागचा हलणार नाही. त्यांतल्या आयोवरून गुरू आपल्या चंद्राच्या जवळजवळ चाळीसपट रुंद दिसेल. तो ज्यांच्या थेट डोक्यावर, त्यांच्याकडे मध्यरात्री ग्रहाची पौर्णिमा असते आणि ऐन माध्यान्ही सूर्य त्याच्याआड जातो, दोन तासांहून जास्त वेळ. हे ग्रहण रोजचं. सगळ्यांत गडद काळोख भर दुपारी! तिथे ‘दिवसाढवळ्या’ या शब्दाचं काय होईल? आपण उगवतीला, मावळतीला म्हणतो, महिने चंद्राच्या कलांवर मोजतो. आपल्या बोलण्यात आभाळ किती खोल मुरलंय, हे असं परकं आभाळ कल्पून पाहिलं की जाणवतं.

आणि पलीकडच्या अर्ध्या भागाला ग्रह कधीच दिसत नाही. तिथे जन्मलेल्याने त्याच्याबद्दल फक्त ऐकलेलं असणार. तो चालत निघाला, तर एके दिवशी क्षितिजावर उजेडाची एक कड दिसेल, आणि मग रोज थोडी थोडी वर येईल. ग्रह वर येतोय तो स्वतःच्या पावलांनी, हे त्याला कळायला किती दिवस लागतील?

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने हा विचार आपल्याच चंद्राबद्दल केला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ साली छापल्या गेलेल्या ‘सोम्नियम’मध्ये चंद्रवासीयांचे दोन भाग आहेत: पृथ्वी दिसणारे आणि न दिसणारे. पृथ्वीला ते ‘व्होल्वा’ म्हणतात, कारण ती एका जागी राहून गरगरताना दिसते. आपण स्थिर आहोत आणि बाकी सारं फिरतंय, असं त्यांनाही मनापासून वाटतं. पृथ्वी फिरते हे मानायला तयार नसलेल्या माणसांना केप्लरने नुसतं तिथे नेऊन उभं केलं. वाद घालण्यापेक्षा हे मला फार मोठं काम वाटतं.

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. त्याच्या उत्तरेच्या आभाळात, क्षितिजापासून थोडीच वर, पृथ्वी आहे. ती जराशी डुलते, कला बदलते, पण तिथून ती मावळत नाही.