दाखवावे कोणाला, राखावे कोणापासून?

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तेव्हापासून त्या शहरात दवाखान्याच्या कागदाला निराळेच मोल आले. कागद असला तर भरपाईचा हक्क सांगता येई. तो हरवला तर वर्षानुवर्षांचे दुखणेही सिद्ध करणे कठीण होई. ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर घ्याव्यात व प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका द्यावी असा आदेश दिला, तो योग्यच होता.

परंतु जो कागद कचेरीत उपयोगी पडतो, तोच मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आडवा येतो. गॅसपीडित घरची म्हणून नकार आल्याची दुःखे भोपाळने पाहिली आहेत. मग नोंद उघडी असावी की झाकलेली?

आता अशा नोंदी मोबाइलवर आल्या आहेत. सोय मोठी आहे. पण ॲप निष्काळजीपणे बनवलेले असले, तर नोंदीच्या क्रमांकातील एक आकडा बदलताच दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल उघडू शकतो. मागणारा कोण, हे यंत्र विचारतच नाही. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून करावे लागले.

मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला बरे करतो, कोणाला सांगू नको अशी ताकीद देतो, आणि त्याच वेळी याजकाला दाखवायला पाठवतो. याजकाच्या निर्णयावाचून त्या मनुष्याला समाजात परत घेतले नसते. ज्याला पाहण्याचे कारण आहे त्याला दाखवावे, इतरांपासून राखावे. प्रीती या दोन्ही गोष्टी करते. त्या मनुष्याने तर स्वतःचीच गोष्ट गावभर केली, तरी प्रभूला उघडपणे गावात जाता येईना. आपण पुष्कळदा दुसऱ्याची गोष्ट सांगतो.

म्हणून केवळ ॲप बनवणाऱ्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. आजारी बहिणीसाठी प्रार्थना करा, असे म्हणत तिच्या तपासणीच्या अहवालाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात टाकणारे आपणच असतो. हेतू चांगला असेल. पण तिला विचारले होते काय? देवाला रोगाचे नाव कळवावे लागत नाही.

पाळकांनी, शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आणि आपण सर्वांनी येत्या रविवारी प्रार्थनेची विनंती घेताना एवढेच विचारू या: “यातले किती सांगू, आणि कोणाला?”