फासे की भूमिका?

1969 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली यांनी मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव. या वेळी काही खेळाडूंच्या वाट्याला फौजेऐवजी माणसं आली होती: कुणी महापौर, कुणी बँकर. ही मंडळी गावभर फिरू लागली, खलबतं करू लागली. दोघं तर द्वंद्वयुद्धालाच उभे राहिले, ज्याचे नियमच नव्हते. डाव फसला, असं वेसलींना वाटलं. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायचा आग्रह धरला.

त्यांच्यातलेच डेव्ह आर्नेसन. त्यांचा आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला, तेव्हा वेष्टनावर त्याची ओळख युद्धखेळाचे नियम अशीच होती. ‘रोल-प्लेइंग’, म्हणजे भूमिका वठवणं, हा शब्द तिथे नव्हता. मूल आधी धावू लागलं, बारसं नंतर झालं. व्याख्येचा घोळ इथूनच सुरू होतो.

पुढे हा खेळ संगणकावर गेला. यंत्राला आकडे मोजता येत होते, पण खेळाडूला ऐनवेळी सुचलेल्या युक्तीला उत्तर देता येत नव्हतं. त्यामुळे जे मोजता येतं तेच ठळकपणे पुढे आलं: अनुभवाचे गुण, वाढत्या लेव्हल, शस्त्रांची ताकद. हळूहळू हीच आरपीजीची, म्हणजे रोल-प्लेइंग गेमची, खूण ठरली. 1986 च्या पहिल्या ‘झेल्डा’त नायक आहे, तलवार आहे, भटकंती आहे, तरी अनुभवाचे गुण नाहीत म्हणून अनेक जण त्याला या पंगतीत बसवत नाहीत. उलट टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ‘अँबर’मध्ये (1991) एरवी निकाल ठरवणारे फासेच नाहीत, आणि तो खुशाल आरपीजी म्हणवला जातो.

मग भूमिका हीच कसोटी धरायची? तसं केलं तर भातुकलीही आत येते. पण भातुकलीत म्हणाल ते होतं. बाहुलीचं लग्न कुणी मोडत नाही. नाटकात भूमिका असते, पण संवाद आधीच ठरलेले. आरपीजीत पात्राने काय करायचं ते खेळाडू ठरवतो, आणि समोरचं जग त्याला ‘नाही’ म्हणू शकतं. हा नकार फाशांचा असो, खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरचा असो, की सोबतच्या खेळाडूंचा. लेव्हलपेक्षा ही खूण अधिक खरी वाटते.

या कसोटीवर ‘डिस्को एलिसियम’ (2019) सहज उतरतो. त्यात लढाईची वेगळी यंत्रणाच नाही; गुप्तहेराची चोवीस कौशल्यं त्याच्याच डोक्यात बोलत राहतात, आणि फासा उलटा पडला तरी गोष्ट बहुधा वेगळ्या वाटेने पुढे सरकते. अवघड जातं ते 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं. जपानमध्ये एक पिढी ज्याला आरपीजी म्हणत वाढली, त्यात राजकन्या ‘मला सोबत न्याल ना?’ असं विचारते, आणि खेळाडू ‘हो’ म्हणेपर्यंत विचारतच राहते.