शौचधर्म आणि तान्हे मूल

आपल्या धर्मविचारात शौचाला जेवढे मानाचे स्थान मिळाले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या आचाराला मिळाले असेल. मनूने मनुष्यदेहातील बारा मलांची नोंद करून, नाभीच्या वरची द्वारे पवित्र आणि खालची अपवित्र अशी देहाची सरळ वाटणीच केली. आणि पतंजलीने नियमांत शौच प्रथम मांडून त्याचे फळ असे सांगितले की, साधकाच्या ठायी स्वतःच्याच अंगाविषयी जुगुप्सा उत्पन्न होते व इतरांच्या देहाचा संसर्ग त्याला नकोसा होतो. मोक्षार्थी पुरुषाच्या दृष्टीने ही फलश्रुती सुसंगत असेल. परंतु जिच्या मांडीवर तीन महिन्यांचे मूल आहे, आणि त्याचे नाभीखालचे अंग जिला दिवसातून अनेक वेळा आपल्या हातांनी स्वच्छ करावे लागते, त्या आईने कोणते शौच पाळावे? तिचे शौच जर जुगुप्सेकडे आणि असंसर्गाकडे गेले, तर मूल जगणारच नाही.

धर्मसूत्रकारांच्या दृष्टीतून ही अडचण सर्वस्वी निसटली होती असे मात्र नाही. उपनयनापूर्वीच्या बालकाला आचार, भाषण आणि भक्षण यांबाबत गौतमाने मोकळीक दिली आहे. आचमनाचा विधी त्याला लागू नाही, पुसणे, धुणे आणि पाणी शिंपडणे एवढेच त्याचे शौच, आणि त्याच्या स्पर्शाने कोणाला अशौच येत नाही, असा निर्वाळाही त्याने दिला आहे. वरवर पाहता ही अजाण वयाला दिलेली सवलत वाटते. पण तिचा अर्थ फार खोल जातो. मलमूत्र हे द्रव्य म्हणून पाहिले तर तान्ह्याचे काय आणि थोराचे काय, सारखेच. त्या द्रव्यातच अपवित्रता वसत असती, तर तान्ह्याच्या बाबतीत ती कोणत्याही शास्त्राच्या हुकुमाने नाहीशी झाली नसती. ज्या अर्थी ती नाहीशी होते, त्या अर्थी विटाळ हा वस्तूचा धर्म नसून माणसामाणसांतील नात्याचा आहे, हे शास्त्रानेच येथे कबूल केले आहे, असे मी समजतो.

याहून मोलाचा दाखला आयुर्वेदात सापडतो. लंगोटाच्या जागी मुलाचे अंग लाल होऊन सोलवटते, त्याच्याशी मिळताजुळता विकार सुश्रुताने क्षुद्ररोगांत ‘अहिपूतना’ या नावाने वर्णिला आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे दिले आहे: मलमूत्राने भरलेले अंग धुतले गेले नाही, किंवा घामेजलेल्या मुलाला न्हाऊ घातले गेले नाही. ज्या ग्रंथाच्या उत्तरतंत्रात बालकांना पछाडणाऱ्या नऊ ग्रहांची वर्णने आहेत, त्याच ग्रंथाने या दुखण्याची जबाबदारी कोणत्याही ग्रहावर टाकलेली नाही. मुलाचे पूर्वकर्म, आईचे पाप, शेजारणीची दृष्ट, यांपैकी एकाचीही साक्ष येथे काढलेली नाही. निष्पाप जीवाला दुःख का भोगावे लागते, या प्रश्नापाशी मोठमोठी दर्शने थबकली आहेत. पण निदान या एका दुःखापुरते उत्तर आपल्या हातात आहे, आणि जे हातात आहे ते दैवावर सोपवणे हा मला अधर्म वाटतो.

आजचे वैद्यक तेच अधिक तपशिलाने सांगते. त्वचेच्या पृष्ठभागी किंचित आम्लता असते आणि ती तिचे रक्षण करते. ओल्या लंगोटात किंवा डायपरमध्ये त्वचा भिजून मऊ पडते, मूत्र आणि मल एकत्र आले की ती आम्लता घटते, आणि मग मलातील पाचकद्रव्ये त्या मऊ त्वचेवरच आपले काम करू लागतात. कापडाच्या घर्षणाने उरलेली कसर भरून निघते. म्हणून शी झाल्याबरोबर आणि एरवीही दर दोन-तीन तासांनी लंगोट बदलावा, कोमट पाण्याने अंग धुवावे, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, आणि दहा-पंधरा मिनिटे मुलाला दुपट्यावर तसेच उघडे ठेवून वारा लागू द्यावा, हा उपचारांतील सर्वांत मोठा उपचार होय. नंतर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढू नये, घाण झालेला वरचा भाग तेवढा हलकेच पुसून पुन्हा मलम लावावे. पावडर, मग ती विकतची असो की घरगुती वेखंडाची, अजिबात नको. ती जांघेच्या वळ्यांत साचते आणि श्वासावाटे मुलाच्या छातीतही जाते. धुतलेल्या लंगोटात साबणाचा अंश राहता कामा नये, आणि वरून प्लास्टिकची चड्डी घालू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच केला तिच्याकडे येतो. अस्वच्छतेने हा विकार होतो हे ऐकून कित्येक घरांत दर वेळी साबण लावून खसखसून धुण्याचा, जंतुनाशकाचे थेंब पाण्यात टाकण्याचा परिपाठ सुरू होतो, आणि त्यामुळे आधीच दुबळी झालेली त्वचा अधिकच सोलवटते. धुणाऱ्याच्या मनाला मात्र पुरते समाधान लाभते. शौच कोणासाठी, हा माझा प्रश्न येथेच उभा राहतो. आपले मन निवळावे म्हणून जे शौच केले जाते त्याला मर्यादा राहत नाही, कारण मनाची शंका पाण्याने फिटत नाही. ज्याला स्वच्छ करायचे त्याच्या अंगावर नजर ठेवून जे केले जाते, त्याला मर्यादा आपोआप पडते. ज्याला बोलता येत नाही, त्याची तक्रार त्याच्या कातडीवरच लिहिलेली असते. लाली उतरली की वाढली, पाणी लागताच मूल किंचाळले की शांत राहिले, हे पाहणे हाच या धर्मातील निकष. पतंजलीचे शौच देहापासून दूर नेते. आईचे शौच दुसऱ्याच्या देहाकडे लक्ष देण्यास शिकवते, आणि या दोहोंत मी आईच्या शौचाला निःसंकोच श्रेष्ठ मानतो. हे काम एकट्या आईचेच आहे असेही कोणी समजू नये. बापाने, आजोबाने ते केले तर त्यांच्याही पुरुषार्थात भरच पडेल.

एक विनंती उरते. दोन-तीन दिवसांच्या काळजीने लाली उतरली नाही, ती जांघेच्या वळ्यांत शिरून तिच्या कडेला बारीक लाल ठिपके उठले, फोड, पू किंवा ताप दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तो बहुधा बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्ग असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. घरात कोणासाठी तरी आणून ठेवलेले खाजेचे मलम तान्ह्याला कदापि लावू नका. त्यात पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते, आणि डायपरखाली झाकलेल्या कोवळ्या त्वचेतून ते एरवीपेक्षा अधिक शोषले जाते.